दुजोऱ्याविना

सोमवार, ४ नोव्हेंबर

आले एकदाची गिरगावात. केवड्याच्या वाडीत टेम्पो शिरत नाही, म्हणून तोंडाशीच सामान उतरवलं. हमालांनी पुस्तकांची खोकी दुसऱ्या मजल्यावर चढवली आणि जाता जाता एकाने विचारलं, बाई, एवढं वाचून डोळे दुखत नाहीत का? सामान चढेपर्यंत मी अंगणात, बदामाच्या झाडाखालच्या दगडी बाकावर बसून चहा प्यायले. दगड छान गार होता. नोकरीत असताना दुपारी असं कुठे नुसतं बसल्याचं आठवत नाही.

खोली मनासारखी आहे. आत माळा, मागे मोरी, पुढे लांब गॅलरी. माझ्यापलीकडे, गॅलरीच्या अगदी टोकाला एकच खोली, यशोदाबाई मयेकरांची. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, मालवणकडच्या. दारात उभं राहून त्यांनी हमालांना कपाट कुठे, गॅस कुठे, सगळं बजावलं. संध्याकाळी दिवाळीतल्या करंज्या स्टीलच्या डब्यात घालून आणून दिल्या. खा गो, लाजू नको, म्हणाल्या. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, आमच्या आईच्या भांड्यांवर असायचं तसं. आईने माझंही नाव एका तांब्यावर घालून घेतलं होतं. तो मी सगळ्यात आधी बाहेर काढला.

रात्री जेवताना शंतनुचा फोन. धाकटा भाऊ, परळला असतो, चेष्टा केल्याशिवाय बोलत नाही. काय ताई, झालीस का गिरगावकरीण, आता आमचं परळ तुला खेडं वाटेल, म्हणाला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

अण्णांनी चहाला बोलावलं. रघुवीर त्रिलोकेकर, पण सगळी वाडी अण्णाच म्हणते. पहिल्या मजल्यावर राहतात, वाडी त्यांच्या आजोबांनी बांधलेली. विमा कंपनीतून निवृत्त झाले, लेंग्याला अजून कडक इस्त्री. घर अतिशय टापटीप. भिंतीवर तसबिरींची रांग आहे आणि मध्येच एका तसबिरीपुरता भिंतीचा रंग उजळ आहे. तिथे दुसरं काही लावलेलं नाही.

वाडीचं एक पान आहे इंटरनेटवर, ‘केवड्याची वाडी : आपलं पान’. इथून बदलापूरला, बोरिवलीला, न्यू जर्सीला गेलेली माणसं त्यावर जुने फोटो आणि आठवणी टाकतात. अण्णांना त्याचा फार अभिमान. या पानाची एक रीत आहे. कोणी काही लिहिलं, की ते ज्याने स्वतः पाहिलंय अशा वाडीतल्या माणसाने खाली लिहायचं, ‘दुजोरा’. दुजोरा नाही तर पोस्ट टिकत नाही. उगाच कोणीही उठून काहीही लिहू नये, अण्णा म्हणाले. मला हे फारच आवडलं. जन्मभर वर्तमानपत्रात उपसंपादकी केली, ऐकीव बातम्यांशी भांडण्यात डोळे गेले.

नव्या भाडेकरूनेही आपली ओळख लिहायची असते. मी लिहिलं, सुनेत्रा केळुसकर, दुसरा मजला, सोमवारी राहायला आले. यशोदाबाईंनी शेजारून मोबाइलवर लगेच दुजोरा दिला. ‘आली. माज्यासमोर सामान उतरवला. पुस्तकाच जास्त.’

रविवार, १० नोव्हेंबर

अण्णांनी पान माझ्या हाती सोपवलं. आता मला हे पेलवत नाही, म्हणाले. डोळ्यांचं असेल असं मला वाटलं. बाहेरून आलेलं माणूसच या कामाला बरं, त्याचे कोणी लागेबांधे नसतात, असंही म्हणाले.

पानाची अवस्था वाईट होती. सुप्रभातची गुलाबं, मधुमेहावर कारल्याचा रस, एकच फोटो पुन्हा पुन्हा. दुपारभर बसून सगळा केर काढला आणि सभासदांसाठी एक निवेदन लिहिलं. पान चांगलं ठेवणं एकट्या संपादकाचं काम नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. दुसऱ्याच्या पोस्टमध्ये चूक दिसली तर गप्प बसू नका, हरकत घ्या. ओळखीचा आहे म्हणून सोडून देऊ नका. दुजोरा फक्त वाडीत राहणाऱ्याने किंवा राहिलेल्यानेच द्यावा. आणि संपादकाने कोणालाही दुजोरा देऊ नये, नाहीतर वशिलेबाजी सुरू होते. दर रविवारी सकाळी सफाई होईल, दुजोऱ्याविना राहिलेलं काढलं जाईल.

हे शेवटचे दोन नियम माझे. अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, हे आम्हाला सुचलं नव्हतं.

कांदिवलीच्या सुभद्राताईंनी लिहिलं, अखेर कोणीतरी शिकलेलं माणूस आलं. तळमजल्यावर स्टेशनरीचं दुकान असलेल्या हितेंद्रने लिहिलं, चला, शाळा भरली, हात पुढे करा.

रविवार, १७ नोव्हेंबर

पहिली रीतसर सफाई. हितेंद्रने लिहिलं होतं, की अंगणातला दगडी बाक त्याच्या आजोबांनी बसवला, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं म्हणून. सुभद्राताईंची हरकत. बाक महापालिकेचा, आजोबा नुसते बसायचे त्यावर. त्यावर बरीच तू-तू मैं-मैं झाली. दुजोरा शेवटपर्यंत कोणी दिला नाही. हितेंद्र रोज सकाळी मला पेपर वर आणून देतो, पण नियम तो नियम. पोस्ट काढली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बाक दिसत नाही.

झाडाखाली फरशी आहे, सलग, जुनी, पानांचे डाग पडलेली. हितेंद्र तिथे स्कूटर लावत होता. बाक कोणी हलवला, असं विचारलं तर म्हणाला, कसला बाक, ताई? इथे तर मी नेहमी गाडी लावतो. चेष्टा करतोय असं वाटलं. पण चेहरा चेष्टेचा नव्हता.

दगड गार होता, हे मला आठवतंय. परळला आमच्या बिल्डिंगखाली बाक होता, त्याच्याशी गल्लत होत असेल. वय झालं, दुसरं काय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

यशोदाबाईंच्या डब्यात रव्याचे लाडू वळून ठेवले. रिकामा डबा परत करायचा नसतो.

आमच्या मजल्यावर जिन्याजवळच्या खोलीत मनवा नावाची मुलगी राहायला आलीय. लोअर परळला नोकरी, दिवसभर कुठल्याशा कंपनीच्या साइटवरचा मजकूर तपासते. मला मावशी म्हणते. अण्णा म्हणाले, एकटीवर भार नको, हिलाही पानाची संपादक करून घ्या. मी तिला सगळं शिकवलं. ओळख मध्ये आणायची नाही. तपासायला बसलं, की कोणी दार वाजवलं तरी उठायचं नाही, मन पातळ होतं. ती मान डोलावत होती. फार हुशार मुलगी आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज जरा जड गेलं.

यशोदाबाईंनी फ्रॉकमधल्या मुलीचा एक फोटो टाकला होता. ही मी, याच खोलीत जन्मले, सुईण ठाकूरद्वाराहून आली होती. सुभद्राताईंची हरकत, की तेव्हा त्या टोकाच्या खोलीत कोणी राहत नव्हतं, पापडवाल्याचं गोदाम होतं. आणखी दोघांनी खाली त्यांची री ओढली. ज्यांनी पाहिलं असेल ते सगळे कधीच गेले. आपल्या जन्माला दुजोरा द्यायला यशोदाबाई माणूस आणणार कुठून? पण डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, हे माझंच वाक्य होतं. आपला जन्म कोणी डोळ्यांनी पाहत नाही.

काल त्या गॅलरीत मला म्हणाल्या, ठेवलंस तर रवांदे गो, नाय तर काढ, माका काय. हसत होत्या. उद्या डबा घेऊन जाईन आणि समजूत घालीन, असं ठरवून पोस्ट काढली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

डबा घेऊन बाहेर पडले. गॅलरी माझ्या दाराशी संपते.

भिंत आहे. नवी नाही. चुना सुटलेला, वर कबुतरांची घाण, एक गंजका खिळा. मी हाताने चाचपून पाहिली. मनवाने विचारलं, मावशी, काय शोधताय? यशोदाबाईंचं दार, म्हटलं. ती म्हणाली, तुमचीच खोली शेवटची ना? मी आले तेव्हापासून तर.

दूधवाला म्हणतो, या मजल्यावर मयेकर कधीच नव्हते. हितेंद्र म्हणतो, तुम्ही आराम करा. त्यांच्या दारापुढे त्यांची चपलांची मांडणी असायची तिथे आता— नाही. तिथे काही असायला जागाच नाही.

बाकाची आठवण झाली आणि भिंतीला टेकून बसले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ते दोन्ही मी काढलं. दोन्ही वेळा रविवार, दोन्ही वेळा माझं बोट. काढलेली पोस्ट परत आणायची सोयच त्या पानावर नाही. म्हणून मीच लिहिलं, की माझ्या शेजारी यशोदा मयेकर राहत होत्या, त्यांनी मला करंज्या दिल्या, हा त्यांचा डबा. डब्याचा फोटो टाकला, कोरलेलं नाव पुढे करून.

तासाभरात हरकती. ऐकीव दिसतं. अशा नावाचं कोणी नव्हतं. एकाने लिहिलं, डब्यावर नाव कुठे आहे?

फोटो मोठा करून पाहिला. मग डबा पाहिला. अंगठा फिरवत राहिले. गुळगुळीत. आत लाडू मात्र तसेच.

बुधवार, २७ नोव्हेंबर

अण्णांकडे गेले. ते तुळशीला पाणी घालत होते. रडून सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, तुम्हाला आठवतायत ना त्या? मग झालं. जो काढतो त्यालाच आठवायचं असतं. बाकीच्यांना त्रास कशाला?

यशोदाबाई त्यांना आठवत नाहीत. पण माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. असतील, म्हणाले. मग अगदी हळू विचारलं, करंज्या चांगल्या करायच्या का?

मी त्या भिंतीवरच्या उजळ चौकोनाकडे पाहत होते. ते त्यांच्या लक्षात आलं. चंपा, म्हणाले. माझी बायको. लग्नानंतर पहिल्यांदा वाडीत आली त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं तिने, दुजोऱ्याला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि नवऱ्याचा दुजोरा कोण धरणार? ओळखीची म्हणून कशी सोडू? मुलांना वाटतं, मी लग्नच केलं नाही आणि त्यांना दत्तक घेतलं. नंतर बऱ्याच जणांचं केलं, पण रात्री झोप लागेना, एवढी माणसं एकट्याने आठवायची म्हणजे. म्हणून बाहेरचं माणूस शोधत होतो.

पण पान बघा ना, म्हणाले. एक चूक सापडणार नाही तुम्हाला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सुभद्राताईंनी नवी हरकत टाकलीय. अत्यंत सभ्य भाषेत. मयेकरांबद्दल लिहिणाऱ्या संपादिका स्वतः कोण? यांच्या ओळखीच्या पोस्टखाली दुजोरा दिसत नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा.

पाहिलं. ‘पुस्तकाच जास्त’ ही ओळ नाही. असणार कशी? लिहिणारीच नाही.

अण्णांना दुजोरा मागितला. मनापासून वाईट वाटलं त्यांना. आनंदाने दिला असता, पण माझं नाव अजून संपादकांत आहे, आणि तो नियम तुमचा. मनवाही संपादक. माझं स्वतःचं खातं हरकत मिटेपर्यंत बंद. तो नियम अण्णांचा.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हितेंद्रच्या दुकानात गेले. रोज पेपर देतोस, मला बघतोस, एक शब्द लिही, म्हटलं. तो वह्यांवरची धूळ झटकत राहिला. बघतो ना, ताई, म्हणाला. पण तुम्ही आलात ते मी बघितलं नाही, मी गावाला होतो, दिवाळीला वाडी रिकामीच असते. ऐकीव कसं लिहू? तुम्हीच तर सांगितलंय. मग म्हणाला, माझी कसली तरी पोस्ट उडवलीत तुम्ही. कुठली ते आठवत नाही. राग आठवतो.

त्याच्या आजोबांचं सांगावंसं वाटलं. काय सांगणार?

हमाल शोधायला नाक्यावर जाऊन आले. ते वाडीतले नाहीत. त्यांचा दुजोरा चालत नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मनवाला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. चहा करून दिला. मावशी, उद्या तुमची पोस्ट नीट तपासते, म्हणाली, घाई करणार नाही. मी म्हटलं, तपासू नकोस, सोड. ती गोंधळली. सोडायचं नाही असं तुम्हीच ना—

शंतनुला फोन. आधी हसला, मग हसायचा थांबला. उद्या सकाळीच येतो म्हणाला, येताना तुझ्या आवडीची नानखटाई आणतो, कुठे हलू नकोस.

तांब्यावर माझं नाव आहे. अजून आहे. उशाशी घेऊन झोपणार.

रविवार, १ डिसेंबर

ऊन चांगलं पडलंय. सगळ्यांच्या घरी रविवारचा मसाला वाटला जातोय, वास येतोय. कोणाला कसलीही काळजी नाही.

मनवाच्या दारावर थापा मारल्या. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण ती उठली नाही. उठायचं नाही हे मीच तिला. हाका मारल्या. मन पातळ होऊ देऊ नये म्हणून तिने गाणं लावलं बहुतेक.

परत आले. गॅलरी आखूड वाटतेय. भिंत माझ्या चौकटीला लागलीय.

तिला तरी मी आठवेन. बिचारी. कोणाला सांगणार ती? मग अण्णा तिला चहाला बोलावतील—

शंतनु आला. अंगणात दिसतोय, हातात पुडा. झाडाखाली थांबलाय, जिथे बाक. मी खिडकीतून हाक मारली. वर बघितलं त्याने. हात हलवला मी. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं, इकडे, मग खालच्या खिडकीकडे, मग पुन्हा

हितेंद्रला काहीतरी विचारतोय. हितेंद्र मान हलवतोय. शंतनु, इकडे वर. वर बघ

हातातल्या पुड्याकडे बघतोय, हा कोणासाठी घेतला म्हणून. हितेंद्रपुढे धरला. दोघं खातायत. तांब्या कुठे— हा. अंगठ्याला काहीच लागत ना